मार्कंडेयची वर्गणी : यंदा पोकलेनला घालायची की ओढ्याला?

नदीकाठचा · रविवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, सांभाळून घ्या.

आमचं गाव बेळगावजवळच्या मार्कंडेय नदीच्या काठावर, हिंडलगा आणि कडोलीच्या मधे कुठंतरी. नाव सांगत नाही, कारण विषय वर्गणीचा आहे आणि गावातली निम्मी माणसं इथं गुपचूप वाचत असतात. गेली चार वर्षं आम्ही पोरं उन्हाळ्यात घरटी वर्गणी काढतो, पोकलेन लावतो आणि नदीतलं केंदाळ, बेशरम आणि गाळ काढतो. नारळ फुटतो, पेपरात फोटो येतो. पहिल्या वर्षी खरंच बरं वाटलं. पाणी नितळ दिसलं, मसूर-वाटाण्याला मोटारी चालल्या.

खरं गेल्या वर्षी पुलाखाली जिथं आम्ही छातीएवढं खोल केलं होतं, तिथं दिवाळीनंतर मी स्वतः उतरलो. गुडघाभर पाणी, आणि खाली लोण्यासारखा तांबडा गाळ. पाय काढताना एक चप्पल आतच राहिली. त्याआधी जुलैत पाणी पात्र सोडून शिवारात शिरलं, आठ दिवस भाताचं रोप बुडून होतं. कुजलं. दुबार लावणी.

परवा देवळात बैठक झाली. एक गट म्हणतो, यंदा दोन पोकलेन लावा, एकदाच काय ते खोल करू. दुसरा गट, म्हणजे मी आणि आणखी तीन डोकी, म्हणतो की नदीला येऊन मिळणारे दोन ओढे आहेत, त्यांच्यावर वरच्या अंगाला काम करू. आम्हाला विचारलं, "ओढ्यात काय करणार नेमकं?" आम्ही गप्प.

तर ज्यांनी आपापल्या गावात असलं काही केलंय त्यांनी सांगा. पैसे मोजकेच आहेत, एकाच ठिकाणी घालता येतील.

भडंग · रविवार, रात्री ९.५२

चप्पल पॅरागॉन होती की बाटा? बाटा असेल तर तेवढ्यासाठी पोकलेन लावायला हरकत नाही.

कडोलीचा कोबी · रविवार, रात्री १०.०५

दोन पोकलेन लावा आणि मोकळे व्हा. आमच्याकडं भाजीपाला नदीवर आहे, बारा महिने पाणी लागतं. ओढ्यात दगड रचत बसायला कुणाला वेळ आहे? गाळ काढला तर पाणी साठतं, हे सांगायला शास्त्रज्ञ कशाला पाहिजे? आणि गाळ सगळा वरून येतो. पलीकडं महाराष्ट्रात चंदगड भागात डोंगर खरवडून काजू लावूलालेत, त्यांची माती आमच्या पात्रात. आधी त्यांना सांगा.

तुडयेकर · रविवार, रात्री १०.३१

कोबीसाहेब, माझं नाव न घेता मला हाक मारलात म्हणून आलो.

डोंगर खरवडूलालेत हे खरंच आहे. आमच्याकडं उतारावर जेसीबी फिरतो आणि पहिल्या पावसात ओढे चहासारखे वाहतात. खरं ती माती जाते कुठं याचा विचार करा की गा. मधे राकसकोपचं धरण हाय. जलाशयाचा फुगवटा आमच्या तुडयेच्या हद्दीपर्यंत. वरची माती त्या थांबलेल्या पाण्यात आधी खाली बसते, मग सांडव्यावरून पाणी तुमच्याकडं येतं. म्हणजे आमची माती बेळगावकरांच्या पिण्याच्या पाण्याची जागा खाते, तो वेगळा गुन्हा, कबूल. पण पुलाखालचा लोण्यासारखा गाळ आमचा नव्हे. तो राकसकोपच्या खालचा. म्हणजे तुमचाच, पाहुणं.

भडंग · रविवार, रात्री १०.३४

घ्या! महाजन अहवालानंतर पहिल्यांदाच सीमेपलीकडून मुद्देसूद उत्तर आलं.

नदीकाठचा · रविवार, रात्री १०.५०

तुडयेकर, हे डोक्यात आलंच नव्हतं. बैठकीत सगळे "वरनं येतंय, वरनं येतंय" म्हणत होते.

बांधावरचा बापू · सोमवार, सकाळी ६.१५

तीसेक वर्षं शेतकी खात्यात पाणलोटाच्या कामावर होतो, खानापूर आणि बेळगाव दोन्ही तालुके पायाखाली घातलेत. थोडं लांबेल.

आधी हिशेब. आपल्याकडं बेळगावच्या आसपास वर्षाला साधारण १२०० मिमी पाऊस धरा. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरवर पडला म्हणजे एक लिटर पाणी. एकरात ४००० चौरस मीटरच्या वर जागा. म्हणजे एका एकरावर ४८ लाख लिटरच्या पुढं पाणी पडतं. तुमची नदी पोकलेननं कितीही खोल करा, त्यात मावणारं पाणी शिवारावर पडणाऱ्या पाण्यापुढं चूळ भरण्याइतकं. पाणी साठवायची खरी जागा नदी नव्हे, जमीन आहे.

आता माती. त्याच एकरावरून एक मिलिमीटर, म्हणजे नखाच्या जाडीएवढी माती वाहून गेली तर ४ घनमीटर होते. जवळजवळ दीड ब्रास. एक एकर, एक पावसाळा, दीड ब्रास. तुमच्या ओढ्यांच्या काठची एकरं मोजा आणि पोकलेनचे तास मोजा. तुम्ही दरवर्षी आपलीच शेतं भाड्याच्या मशीननं उकरून बाहेर काढताय.

पूर्वी असं का होत नव्हतं? बांध होते. रुंद, गवताचे. त्यावर माणूस भारा घेऊन चालायचा. पॉवर टिलर आला, ट्रॅक्टर आला, वळवायला जागा कमी पडू लागली, आणि प्रत्येकानं वर्षाला एक नांगराचं तास बांधातून खाल्लं. माझ्या देखत तीन हातांचा बांध वीतभर झालेला आहे. उतारावर रताळ्याच्या सऱ्या उताराच्या दिशेनं ओढतात, आडव्या नाही, कारण पाणी पटकन निघून जातं. निघून जातं ते एकटं जात नाही.

नदीकाठचे, ओढ्यात काय करायचं ते नंतर सांगतो. आधी हे सांगा : तुमच्या गावात नदीला लागून ज्यांची शेतं आहेत त्यांचा काठ किती उरलाय?

कंग्राळीची माहेरवाशीण · सोमवार, सकाळी ११.२०

बापूंचा प्रतिसाद वाचून डोळ्यांपुढं आमचा बांध आला. मी पुण्यात असते, त्यामुळं मला बोलायचा अधिकार किती ते माहीत नाही, तरी बोलते.

लहानपणी मिरग लागला की पहिल्या पुराच्या पाण्याला चढणीचे मासे यायचे. नदीतून ओढ्यात, ओढ्यातून थेट भाताच्या वाफ्यात. आजोबा कंदील घेऊन जायचे, आम्ही मागं बुट्टी घेऊन. बांधाच्या मोरीला पाणी वरून खाली पडतंय आणि मासे त्या पाण्यावर उलटे उड्या मारतायत, हे मी बघितलंय. गेल्या वर्षी माझ्या मुलाला दाखवायला नेलं तर ओढ्याचं तोंड नदीपेक्षा पुरुषभर वर लटकलेलं. भावाला विचारलं तर म्हणाला, नदी खोल केली ना, म्हणून. मासा काय शिडी लावून चढणार?

आणि एक विचारू का? देवळातल्या बैठकीला बायका किती होत्या?

नदीकाठचा · सोमवार, दुपारी १.०५

माहेरवाशीण ताई, दोघी होत्या. चहा द्यायला. खोटं कशाला बोलू.

ओढ्याचं तोंड लटकतंय हे आमच्याकडं पण झालंय. मला वाटलं तो धबधबा छान दिसतोय.

भूगोलवाली · सोमवार, दुपारी ३.४०

तो छान दिसणारा धबधबा हळूहळू मागं सरकत तुमच्या शेतात येणार आहे. नदीचा तळ अचानक खाली नेला की तिला मिळणारा प्रत्येक ओढा आपला तळ तेवढाच खाली नेऊ पाहतो. म्हणजे ओढा मागं मागं खणत जातो, काठ ढासळतात आणि ती सगळी माती पुन्हा नदीत. पोकलेननं काढलेल्या गाळाची भरपाई नदी अशी व्याजासकट करून घेते.

शाळेत शिकवताना मी आपल्याच नदीचं उदाहरण देते. बैलूरच्या बाजूला उगम, मग राकसकोप, मग आपली गावं, मग पाच्छापूरकडं शिरूरचं धरण, पुढं गोडचिनमलकीचा धबधबा आणि गोकाकजवळ घटप्रभेला भेट. आपल्या भागात खाली बसाल्ट, माथ्यावर जांभा. जांभा स्पंजासारखा. माथ्यावर झाडी आणि गवत असेल तर पावसाळ्यातलं पाणी तो पोटात धरतो आणि जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत झऱ्यांनी सोडत राहतो. उन्हाळ्यात नदीत जे पाणी दिसतं ते आकाशातून नाही, त्या झऱ्यांतून येतं. माथा उघडा पडला, त्यावर प्लॉट पडले, चिरेखाणी झाल्या, की जुलैत पूर आणि जानेवारीत कोरडं. दोन्ही एकाच कारणानं.

नदीला डोह हवा तसाच उथळ खडखडाट पण हवा. पोकलेन सगळं एकसारखं करून टाकतो. मग ती नदी राहत नाही, पाटाचं गटार होतं.

कडोलीचा कोबी · सोमवार, दुपारी ४.१०

बाई, हे सगळं वाचायला बरं आहे. खरं एप्रिलमध्ये कोबीला पाणी पाहिजे असतं तेव्हा जांभ्याच्या स्पंजाला पिळायचं काय? मला ह्या एप्रिलचं सांगा.

शहापूर शिवार · सोमवार, संध्याकाळी ७.२२

तुम्ही गाळावर भांडताय, तुमचं नशीब थोर. आमच्याकडं या. बळ्ळारी नाल्याला बाराही महिने पाणी असतं, शहराच्या कृपेनं. काळं. पाऊस झाला की ते येळ्ळूर, शहापूर, वडगावच्या भातात पसरतं. एके काळी ह्या शिवारातला बासमती शिजला की तिसऱ्या गल्लीत वास जायचा. आता नाल्याचा वास चौथ्या गल्लीत जातो.

निवेदनं किती दिली त्याची फाईल आहे माझ्याकडं, दोन इंच जाड. ज्यांच्याकडं हे काम आहे ते दरवर्षी मे महिन्यात जेसीबी पाठवतात, नाल्यातला गाळ काढून काठावर ठेवतात, जूनमध्ये तो परत आत. आम्ही त्याला गाळाची जत्रा म्हणतो. माझं मत : आधी सांडपाणी थांबवा. पाणलोट-बिणलोट नंतर. घाण पाणी जिरवून काय करणार?

चिकोडीचा पूरग्रस्त · सोमवार, रात्री ८.०१

शहापूरकरांशी सहमत. आमच्याकडं तर कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा तिन्ही बाजूंनी. ऑगस्ट २०१९ मध्ये घर पाण्यात होतं, २०२१ ला परत. तेव्हा मला कुणी पाणी जिरवायच्या समतल चराचं सांगितलं असतं तर मी त्याला त्याच चरात... असो. छोट्या नदीत छोट्या कामाचा उपयोग होईलही. मोठ्या नदीच्या काठी राहणाऱ्यानं फक्त माळा मजबूत बांधावा.

मलप्रभाकाठ · सोमवार, रात्री ९.१५

खानापूरकडून हजेरी. मलप्रभा आमच्या कणकुंबीत उगम पावते, माउलीच्या देवळाजवळ, आणि ३०४ किलोमीटर जाऊन कूडलसंगमला कृष्णेला मिळते. उगमाच्या गावात पाऊस एवढा की छत्री हा विनोद वाटतो. आणि तरी खानापुरात मार्चमध्ये घाटाच्या पायऱ्यांवर बसलं की पाय भिजत नाहीत.

का? वाळू. नदीची वाळू उपसली, आजूबाजूची माती विटभट्ट्यांना गेली. वाळू म्हणजे नदीची गादी. वरून पाणी दिसत नसलं तरी वाळूच्या पोटात असायचं. आमच्या घरची म्हातारी उन्हाळ्यात वाळूत हातभर झिरा काढून तांब्यानं पाणी भरायची. आता वाळू नाही, झिरा नाही.

आणि वर कळसा-भांडुराचं, म्हणजे म्हादईच्या ओढ्यांचं, पाणी मलप्रभेत आणायचं म्हणून सगळं राजकारण चाललेलं. आहे ती नदी सांभाळवत नाही आणि दुसरीचं पाणी पाहिजे.

गोव्याचा जावई · सोमवार, रात्री ९.३०

अगदी! म्हादई आमची आई आहे, पाणी वळवू देणार नाही.

सौंदत्तीचा सून्या · सोमवार, रात्री ९.४१

तुमची आई देगावात जन्मली हो, खानापूर तालुक्यात, कर्नाटकात. लवादानं २०१८ ला कर्नाटकाला १३.४२ टीएमसी दिलंय, त्यातलं मलप्रभेत वळवायचं फक्त ३.९. मलप्रभेवरच्या नविलुतीर्थ धरणाच्या खाली आम्ही प्यायचं काय?

मलप्रभाकाठ · सोमवार, रात्री ९.४८

ते ३.९ टीएमसी ज्या जंगलातून न्यायचंय ते कुणाच्या दारात आहे? आमच्या. कणकुंबीला येऊन खोदलेला कालवा बघून जा. लाल जखम आहे नुसती.

भडंग · सोमवार, रात्री ९.५०

मी चुरमुरे घेऊन बसलोय. चालू द्या.

धागापाल · सोमवार, रात्री १०.१०

म्हादईवर स्वतंत्र धागा आहे, त्यात आधीच चारशे प्रतिसाद आहेत आणि एकाचंही मत बदललेलं नाही. इथं मार्कंडेय. पुढचे म्हादई-प्रतिसाद उडवले जातील. सीमाप्रश्नाचेही.

मशीनवाला · सोमवार, रात्री ११.२५

मी पोकलेन चालवतो. नऊ वर्षं झाली. नदीत पण चालवलाय, कदाचित ह्या धाग्यातल्याच गावात. कुणी मारायला येऊ नका.

खरं सांगतो. ऑपरेटरला कोण सांगतच नाही कुठं थांबायचं. नारळ फोडतात, फोटो काढतात, जातात. भाडं तासावर. मग मी काय करणार? जिथं मऊ लागतंय तिथं काढत सुटायचं. मऊ लागतंय ते बऱ्याचदा गाळ नसतंय, काठ असतोय. काठ उभा कापला की भिंतीसारखा देखणा दिसतो, मालक खूश. त्या काठात उंबराची, करंजाची मुळं असतात, ती बकेटला दोऱ्यासारखी लोंबतात. मुळं गेली की तो काठ पहिल्या मोठ्या पावसात भसकन खाली. तुमच्या पुलाखालचं तांबडं लोणी निम्मं तिथलंच. नदीचा गाळ काळपट असतो, बुडाला कुजलेल्या पाल्याचा वास येतो. तांबडा आला म्हणजे ताजी माती.

दुसरं, काढलेला ढीग काठावर ठेवायचा नसतो. ट्रॅक्टर लावून शेतात नेला पाहिजे. ट्रॅक्टरचे पैसे वेगळे म्हणून कुणी नेत नाही. मग जूनमध्ये तो घरी परत.

लावायचंच असेल तर अर्धा दिवस लावा. पुलाखाली जिथं कचरा अडकतोय तेवढंच. आणि काठ उभा नको, उतार द्या, एक फूट खोलीला दीड फूट पसरट. असं काम कुणी सांगितलं तर करायला मला पण बरं वाटतंय.

भूगोलवाली · मंगळवार, सकाळी ७.३०

मशीनवाले, तुमचा प्रतिसाद मी वर्गात वाचून दाखवणार आहे.

भडंग · मंगळवार, सकाळी ८.००

नऊ वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी "मला कमी तास लावा" म्हणणारा पोकलेनवाला बघितला. ह्याला जपा.

राजस्थान रिटर्न · मंगळवार, सकाळी १०.४४

अलवरला कंपनीच्या कामानं दोन वर्षं होतो. तिथं तरुण भारत संघानं १९८५ पासून गावकऱ्यांना घेऊन जोहड बांधले, मातीचे छोटे छोटे बांध, आणि अरवरी नदी परत वाहती झाली. राजेंद्रसिंहांना २००१ ला मॅगसेसे मिळालं ते त्यासाठीच. विशेष म्हणजे नंतर नदीकाठच्या गावांनी मिळून स्वतःची संसद केली. कुणी किती पाणी उपसायचं, कुठलं पीक घ्यायचं, ते ती ठरवते. तिथं पाऊस आपल्या निम्मा असेल.

कडोलीचा कोबी · मंगळवार, सकाळी १०.५९

तरुण भारत म्हणजे आपला पेपरवाला? त्यांनी राजस्थानात नदी कधी काढली?

राजस्थान रिटर्न · मंगळवार, सकाळी ११.०२

नाही हो. ते वेगळे, हे वेगळे. बेळगावच्या माणसाला हे समजावताना दरवेळी पाच मिनिटं जातात.

बांधावरचा बापू · मंगळवार, दुपारी २.२०

आता ओढ्याचं. आणि कोबीचं एप्रिलचं पण.

वरून खाली यायचं, माथा ते पायथा. आधी माथ्यावर, जिथं गायरान किंवा पड असेल तिथं, समपातळीवर आडवे चर. पातळी डोळ्यानं घ्यायची नाही. दहा-बारा मीटर पारदर्शक नळी, दोन काठ्या आणि पाणी एवढ्यात काम होतं, शाळेतली पोरं पण करतात. त्याखाली ओढ्याच्या लहान फांद्यांत सुट्या दगडांचे बुटके बांध, गुडघ्याच्या वर नको. त्यातून पाणी पाझरलं पाहिजे, माती अडली पाहिजे. सिमेंट लागत नाही. खाली शेतात बांध परत रुंद करायचे, त्यावर वाळा लावायचा. नदीच्या काठाला वाळुंज, करंज, उंबर, जांभूळ, बांबू. वाळुंजाच्या फांद्या नुसत्या ओल्यात खुपसल्या तरी धरतात.

पैसे? उद्योग खात्रीत, म्हणजे रोजगार हमीत, ही सगळी कामं बसतात, लहान शेतकऱ्याच्या स्वतःच्या बांधाचं सुद्धा. २०२४-२५ ला दिवसाची मजुरी ३४९ रुपये होती. आणि तिथं मशीन चालत नाही, नियमच आहे, माणसाच्या हाताला काम मिळावं म्हणून. पंचायतीच्या कृती आराखड्यात काम आधी घालून घ्यावं लागतं, ग्रामसभेत उठून बोलावं लागतं. तिथं कुणी जात नाही आणि मग वर्गणी काढतात.

कोबी, तुमचा एप्रिल. यंदाच्या एप्रिलला माझ्याकडं एकच उपाय आहे : बंधाऱ्याच्या फळ्या. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा असेल तर मिरगाच्या आधी फळ्या निघाल्या पाहिजेत आणि परतीचा पाऊस सरला की लगेच बसल्या पाहिजेत. जुलैत फळ्या तशाच राहिल्या तर बंधारा धरणासारखा वागतो : मागं गाळ बसतो, पाणी शिवारात पसरतं. आणि नोव्हेंबरच्या ऐवजी जानेवारीत घातल्या तर वाहून गेलेलं पाणी गोकाकला जाऊन शोधायचं. नदीकाठचे, तुमच्याकडं गेल्या जुलैत फळ्या काढल्या होत्या का?

नदीकाठचा · मंगळवार, रात्री ९.०५

बापू, नव्हत्या. आज मुद्दाम जाऊन विचारलं. बंधाऱ्याच्या अकरा गाळ्यांतल्या (खांबांमधल्या मोकळ्या जागांतल्या) चार गाळ्यांच्या फळ्या गंजून खाचेत अडकलेल्या, निघाल्याच नाहीत. तीन गाळ्यांच्या चोरीला गेलेल्या, भंगारात. काढायचं काम कुणाचं यावर दोन ठिकाणी विचारलं, दोघांनी एकमेकांकडं बोट केलं. आणि रोप कुजलं म्हणून आम्ही गाळाला शिव्या देत बसलो.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं टाळत होतो, ते पण देतो. आमचं सव्वा एकर नदीला लागून आहे. आज टेप घेऊन गेलो. वडिलांबरोबर. काठावर पूर्वी एक ओळ करंजांची होती, मला आठवते, त्याखाली बैल बांधायचे. आता शेवटची सरी आणि पाणी यांच्यात दोन फूट. करंज कुठं गेले विचारलं. वडील म्हणाले, "तुझ्या बारावीच्या वर्षी काढले. उसाला सावली पडत होती." मग थोडं थांबून म्हणाले, "टन-दोन टन वाढला असंल ऊस. जास्त नाही."

मी काय बोलणार. त्याच उसाच्या पैशांवर शिकलो.

कंग्राळीची माहेरवाशीण · मंगळवार, रात्री ९.३०

वडिलांना काही बोलू नकोस रे. आमच्याकडंही तेच झालंय, फक्त करंजाच्या जागी जांभळं होती.

टिळकवाडीचा पेन्शनर · बुधवार, सकाळी ९.१०

अवांतर : १९२४ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन झालं तेव्हा आलेल्या लोकांसाठी विहीर खोदली, ती काँग्रेस विहीर अजून आहे. शंभर वर्षं झाली. शहराला धरणाचं पाणी आल्यावर अशा विहिरी लोक विसरले, काही बुजवल्या, काहींत गणपती बुडवले. टंचाई आली की परत आठवतात आणि गाळ काढतात. आमच्या गल्लीतल्या विहिरीचं पाणी अजून गोड आहे, पण नळाला दहा दिवस पाणी नसल्याशिवाय कुणी झाकण उघडत नाही.

शहापूर शिवार · बुधवार, सकाळी ९.४५

पेन्शनर काका, अवांतर नाहीच हे. बापूंना पण एक सांगायचंय. काल मी "पाणलोट-बिणलोट" म्हणालो ते मागं घेतो, अर्धं. आमच्या नाल्याचा माथा येळ्ळूरच्या बाजूचा. त्या अंगाला काम झालं तर निदान पावसात नाला एवढा फुगणार नाही आणि घाण शेतात कमी येईल. उरलेलं अर्धं मागं घेत नाही. सांडपाण्याची फाईल चालू राहणार.

भडंग · बुधवार, सकाळी ९.५०

दोन इंचांची तीन इंच होवो. शुभेच्छा.

कडोलीचा कोबी · बुधवार, दुपारी १२.१५

फळ्यांचं पटलं. आमच्या बंधाऱ्याच्या बघून येतो. बाकी मी अजून पोकलेनच्याच बाजूचा, लिहून ठेवा.

नदीकाठचा · पुढच्या सोमवारी, रात्री १०.२०

मंडळी, काल दुसरी बैठक झाली. हा धागा मोबाईलवरून मोठ्यानं वाचला, म्हादईचा भाग सोडून. मशीनवाल्यांचा प्रतिसाद दोनदा वाचायला लावला. एक आजोबा म्हणाले, "हा आपल्याच गावात आला होता, निळ्या टोपीचा."

ठरलं ते असं. वर्गणीतला मोठा वाटा फळ्यांना. चोरीला गेलेल्या नवीन करायच्या, गंजलेल्या ठोकून काढायच्या, आणि काढलेल्या फळ्या पावसाळाभर देवळाच्या मागच्या खोलीत कुलपात. किल्ली पुजाऱ्याकडं. पोकलेन अर्धा दिवस, फक्त पुलाखाली, आणि निघणारा गाळ त्याच दिवशी ज्याला पाहिजे त्यानं स्वतःच्या ट्रॉलीनं न्यायचा. ओढ्याच्या वरच्या अंगाचे चर आणि दगडी बांध ग्रामसभेत मांडायचे. तोवर रविवारी श्रमदान, लहान फांदीपासून सुरुवात. दोन पोकलेनवाला गट रागावून उठून गेला होता, त्यातले तिघं चहाला परत आले.

काठाचं मात्र जमलं नाही. दहा फूट सोडा म्हटलं तर सगळे भिंतीकडं बघू लागले. शेवटी आम्ही आणि शेजारचे दोघं, तिघांनी सहा-सहा फूट सोडायचं कबूल केलं. वडील बैठकीत काही बोलले नाहीत. आज सकाळी बघतो तर शेवटच्या सरीतला ऊस कोयत्यानं तोडत होते, वैरणीला.

माहेरवाशीण ताई, बायका आठ जणी होत्या, चहा आम्ही केला. त्यांनी एक गोष्ट वर काढली जी आमच्या कुणाच्या डोक्यात नव्हती : पोकलेननं धुण्याची फरशी आणि उतरायची वाट दोन वर्षांपूर्वी उखडलीय, तेव्हापासून त्या अर्धा मैल लांब जातात. ती वाट पहिली करायची असं त्यांनी ठरवलं. ठरवलं म्हणजे सांगितलं.

मशीनवाला · सोमवार, रात्री १०.४५

निळी टोपी माझीच. अर्धा दिवस डिझेल तेवढं घाला, भाडं नको. धुण्याच्या वाटेला उतार पण करून देतो. फक्त कुणीतरी शेवटपर्यंत काठावर उभं राहा.

बांधावरचा बापू · सोमवार, रात्री ११.००

रविवारी मी येतो. नळी माझ्याकडं आहे. वाळुंजाच्या फांद्या कुणाच्या शेतात असतील तर मनगटाएवढ्या जाड, हातभर लांब तोडून शनिवारी रात्री पाण्यात ठेवा. उलट्या लावू नका, डोळे वर.

तुडयेकर · सोमवार, रात्री ११.१२

वाळुंज आमच्या ओढ्याला मोप हाय. मोटरसायकलवर दोन भारे बांधून आणतो. ह्या खेपेला आमच्याकडनं येणारं काय ते आधी सांगून येऊलालंय.

भडंग · सोमवार, रात्री ११.१५

मी येतोय. कुदळ मारता येत नाही, भडंग आणतो. आणि ती चप्पल सापडली तर उजवी की डावी ते कळवा.

नदीकाठचा · सोमवार, रात्री ११.१८

डावी. सकाळी सातला पुलाजवळ. बुट्ट्या आहेत, कुदळी कमी पडतील, ज्याच्याकडं आहे त्यानं आणा.